येते हं

१

शनिवारी सकाळी आश्लेषा कुणाचं ऐकत नसे. एरवी आठवडाभर ती ऐकण्याचाच पगार घ्यायची. अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तिचं काम असं होतं की, नव्या गाडीत बसायचं, गाडी खडबडीत ट्रॅकवर पळवायला लावायची आणि डॅशबोर्डमधून, सीटखालून, दाराच्या बिजागरीतून येणारी कुरकुर नेमकी कुठून निघते ते शोधायचं. घटस्फोटाआधी जगातल्या सगळ्या कुरकुरी मला ऐकू यायच्या, फक्त घरातली सोडून, असं ती स्वतःच हसत सांगायची.

घटस्फोटानंतर तिने दोन गोष्टी हट्टाने केल्या. एक म्हणजे घर सोडलं नाही. तुझी सिया पंधराची होतेय, तुम्हा मायलेकींना एवढं घर हवंय कशाला, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. दुसरी गोष्ट म्हणजे तिने ग्रॅव्हल बाईक घेतली. दिसायला शर्यतीची सायकल, पण टायर जाड, म्हणजे खडी, वाळू, पालापाचोळा सगळ्यावरून बिनघोर जाणारी. मराठी मंडळाच्या कोजागरीला एका काकूंनी विचारलं, की बायकांनी रानात सायकल चालवायचं काही खूळ आहे का, घरी ट्रेडमिल असतं की. आश्लेषाने त्यांच्या पेल्यात आणखी मसाला दूध ओतलं आणि पुढच्या शनिवारी जरा जास्तच लांब गेली.

सोबत प्रीता असायची. ती दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, पुण्याची, तोंडाने फटकळ आणि मनाने भित्री. दोघी गाडीमागच्या रॅकवर सायकली बांधून तासभर पश्चिमेला, सरकारी रानात जायच्या. पार्किंग खडीचं. तिथून ओकच्या झाडीतला रस्ता, मग झाडं संपून माळ लागायचा, नुसती वाळू, गुडघाभर नेचे आणि मधेच एखादा पाईन. माळ ओलांडला की एक तळं, आणि रस्ता जिथे परत वळतो तिथे एक रिकामं राखाडी घर. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पन्हळ तुटलेली आणि तिच्यात उगवलेलं मेपलचं रोपटं. पुढे पोर्च, आणि पोर्चला जाळीचं दार, लांब स्प्रिंगचं. त्या पायऱ्यांवर बसून गूळपोळी खायची, पाणी प्यायचं आणि मागे फिरायचं, असं ठरून गेलेलं होतं.

त्या शनिवारी पायऱ्यांवरून उठून निघताना आश्लेषाच्या सायकलची चेन उतरली. ती खाली बसून, बोटं काळी करून, चेन दात्यांवर चढवत होती. मागे स्प्रिंग ताणल्याचा आवाज झाला, दार करकरलं आणि कुणीतरी म्हणालं,

"येते हं."

"हं, ये," आश्लेषा मान वर न करता म्हणाली.

चेन बसली. हात गवताला पुसून ती उभी राहिली. प्रीता पार पुढे वळणावर होती. सायकलवरूनच एक पाय टेकून ती तळ्याकाठच्या करकोच्यांचे फोटो काढत होती. मागे पोर्चवर जाळीचं दार हळूहळू आपल्या जागी येत होतं.

२

"तू आत्ता मला काही म्हणालीस?" आश्लेषाने तिला गाठून विचारलं.

"कधी?"

"निघताना. येते म्हणालीस."

"मी कशाला येते म्हणू? आपण दोघी सोबतच चाललोय ना. निरोप कुणाचा घेऊ, तुझ्या चेनचा?" प्रीता हसली. मग तिच्या लक्षात आलं की आश्लेषा हसत नाहीये. "आणि तू काय म्हणालीस?"

"ये म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

खरंच, दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे घरातून निघणारी बाई जाते म्हणत नाही. येते म्हणते, आणि मागे राहणारी ये म्हणते. यात विचार कसला आलाय, गुडघ्यावर डॉक्टरची हातोडी पडली की पाय उडतो तसा तो शब्द उडतो. लहानपणी आश्लेषाच्या तोंडून एकदा जाते निघालं, तर आईने तिच्या ओठांवर हात दाबला होता. इथे अमेरिकेत जन्मलेली सिया बाकी सगळं इंग्रजीत बोलायची, पण दारात आईचं येते ऐकलं की फोनमधून डोकं न काढता ये म्हणायची. तिच्या तोंडून आपणहून निघणारं मराठी एवढंच.

"पण एक सांग," गाडीत बसल्यावर प्रीता म्हणाली, "निघालो होतो आपण. येते म्हणायचं तर आपण म्हणायचं. घरातलं माणूस येते कसं म्हणेल?"

"घरात माणूस नाहीये, प्रीता. वारा होता. स्प्रिंग होती."

"मग तू स्प्रिंगला ये म्हणालीस."

यावर दोघी हसल्या. पण प्रीताने घरी पोचेपर्यंत गाणी लावली नाहीत.

आश्लेषाने आठवडाभर त्याचा कामासारखा विचार केला. आवाजातून शब्द ऐकू येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. इंजिनच्या पट्ट्याच्या चिरचिरीत लोकांना बाळाचं रडणं ऐकू येतं, पंख्यात आपलं नाव ऐकू येतं. स्प्रिंग ताणली गेली तो ये, दार चौकटीला टेकलं तो ते. जुळत होतं सगळं. फक्त शेवटचा तो लाडिक हं कुठल्या भागातून आला असेल, ते तिला काही केल्या सापडेना.

३

पुढच्या शनिवारी ओकच्या झाडीतच प्रीताने ब्रेक मारला. खडीवर तिचं मागचं चाक घसरलं.

झाडीत, रस्त्यापासून थोडं आत, राखाडी घर होतं. माळ अजून लागायचा होता, तळं तर त्याच्याही पुढे.

"हे इथे नव्हतं यार," प्रीता म्हणाली.

"असेल. आपण बोलत जातो, लक्ष कुठे असतं? आणि एकाच कॉन्ट्रॅक्टरने दोन बांधली असतील. आपल्या सबडिव्हिजनमध्ये नाहीत का सगळी घरं सेम?"

"पन्हळीतलं रोपटंसुद्धा सेम प्लॅनचं?"

आश्लेषाने पाहिलं. मेपलचं रोपटं, तसंच तांबूस झालेलं. डावीकडच्या खिडकीची वरची फळी तशीच तिरकी. ती पेडल मारत पुढे निघाली. प्रीताला मागे एकटीने थांबायचं नव्हतं म्हणून तीही आली. माळावर वाळू ओली होती आणि टायरांचा आवाज नेहमीपेक्षा जड वाटत होता. तळ्याकाठी वळणावर त्या थांबल्या.

तिथे घर नव्हतं. खूप दिवस एका जागी ठेवलेलं पिंप उचललं की खाली जसं पिवळं गवत दिसतं, तसा एक मोठा चौकोन होता, आणि त्याच्या कडेला त्यांच्या मागच्या आठवड्याच्या गूळपोळीचा कागद.

प्रीता परतीला लागली. झाडीतलं घर आलं तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली आणि अशी दामटली की आश्लेषालाही तिला गाठता येईना. घराजवळून जाताना आश्लेषाने मात्र मुद्दाम वेग कमी केला. आत कुणीतरी चालत होतं. लाकडी फरशीवर सावकाश, आवराआवर करताना चालतो तसं, इकडून तिकडे आणि परत.

पार्किंगमध्ये प्रीता सायकल रॅकवर चढवत होती.

"मी नाही येणार आता. आणि तूही येऊ नकोस. गॅरेजमध्ये ट्रेनरच्या स्टँडवर सायकल लाव, पक्क्या ट्रेलवर जाऊ, काहीही कर."

"का? रस्ता काय त्या घराच्या बापाचा आहे?"

"आशू, तू ये म्हणालीस आणि ते जवळ आलं. मला नाही कळत काय आहे ते, कळून घ्यायचंही नाही. तुझ्या घरात मुलगी आहे."

हे शेवटचं वाक्य आश्लेषाला चटका लावून गेलं. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग संताप आला. हा रस्ता तिने कुणाला न विचारता घेतला होता. तसा तिच्या आयुष्यात याआधी एकही रस्ता नव्हता. त्यावरून तिला हाकलायला आता एक पडकं घर निघालं होतं, आणि ते म्हणे तिच्याच घरी यायला निघालं होतं.

"मग तर मला यायलाच पाहिजे," ती म्हणाली.

४

तिसऱ्या शनिवारी ती एकटी गेली. सिया झोपेत होती. तिच्या दारात उभं राहून आश्लेषाने नुसतंच पाहिलं, येते म्हणाली नाही.

पार्किंगमध्ये शिरतानाच घर दिसलं. खडी संपते आणि रानाचा फलक लागतो, त्या दोहोंच्या मधे. एक म्हातारे गृहस्थ आपल्या कुत्र्याला गाडीतून उतरवत होते. तिने त्यांना इंग्रजीत विचारलं, हे घर इथे कधीपासून आहे. त्यांनी घराकडे बघितलं. "असेल पार्कवाल्यांचं काहीतरी," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवत रानात गेले. कुत्रासुद्धा मुकाट त्यांच्यामागून गेला. म्हणजे घर दिसत होतं सगळ्यांना. फक्त ते कुणाकडे निघालंय हे तिला एकटीला माहीत होतं.

तिने सायकल रॅकवरून काढलीच नाही. सायकलचे बूट तेवढे पायात होते, तळाला पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी असलेले. खडीवर कचकच वाजवत ती सरळ पोर्चपाशी गेली आणि पायऱ्या चढली. हे धाडस नव्हतं. पण परत गाडीत बसून मागे आरशात बघत घरी जाणं तिला जमलं नसतं.

जाळीला तिने कान लावला. आत घड्याळ नव्हतं, नळ ठिबकत नव्हता. रिकाम्या घराला आपला एक आवाज असतो, भांड्याच्या तोंडाशी कान नेल्यासारखा. तो इथे नव्हता. हे घर भरलेलं होतं. त्यात गालिचा होता, पडदे होते, कपड्यांनी भरलेली कपाटं होती. बाहेरून ठोकलेल्या फळ्यांचा त्या आवाजाशी काही संबंध नव्हता.

मग डोळे अंधाराला सरावले. जाळीपलीकडे दारातला छोटा पॅसेज होता. उजवीकडे चपलांचा रॅक, त्यावर किल्ल्यांची वाटी. समोर वर जाणारा जिना, त्याच्यावर खाकी गालिचा, आणि कठड्याला अडकवलेली निळी स्कूलबॅग. हा पॅसेज आश्लेषा रोज व्हॅक्यूम करायची. रॅकच्या खालच्या कप्प्यात सियाचे बूट एकावर एक फेकलेले होते, तिला कितीदा सांगितलं तरी ती फेकते तसेच.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. गुडघ्यावर वाकून, चेहरा खाली घालून, पायात बूट चढवत होतं. वेल्क्रोचा पट्टा फर्रकन ओढल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या पायाचा. बाहेर निघायची तयारी चालली होती.

"येऊ नकोस," आश्लेषा म्हणाली.

हात थांबले. मान वर झाली नाही.

"तूच ये म्हणालीस," आतला आवाज म्हणाला. आवाजात ना राग होता ना लोभ. शेजारीण बोलते तसा साधा आवाज होता.

आश्लेषाने याआधी आयुष्यात कुणाला येऊ नकोस म्हटलं नव्हतं. सासरचे महिनोन् महिने राहून गेले, नवऱ्याचे मित्र अर्ध्या रात्री जेवायला आले, भारतातून आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला घर मिळेपर्यंत तिने वरची खोली दिली. या, बसा, राहा. आलेल्याला नको म्हणायचं नसतं हे तिच्या हाडात भिनलं होतं, आणि ते नको म्हणताना तिला अक्षरशः दुखलं.

"हो, म्हणाले," ती म्हणाली. "न बघता म्हणाले. आता बघून सांगते. माझ्या घरी तू यायचं नाहीस."

खालच्या पायरीवरचं माणूस तसंच वाकलेलं राहिलं, आता हालचाल न करता. आश्लेषा पाठ न वळवता पायऱ्या उतरली. खडीवर पाय टेकताच जीभ सवयीने टाळूला लागली, येते म्हणायला. तिने ती दातांखाली धरली. आईचा हात ओठांवर आल्यासारखा वाटला, तोही तिने बाजूला केला.

"जाते," ती मोठ्याने म्हणाली. "जाते मी."

महामार्गावर तिने आरशात पुन्हा पुन्हा पाहिलं. मागे फक्त रस्ता होता. एका एक्झिटनंतर तिला रडू आलं आणि त्यानंतर हसू. जमलं, असं तिला वाटलं.

५

दुपारी सियाची बँडची प्रॅक्टिस होती. प्रीता तिला सोडणार होती. तिने गाडी ड्राइव्हवेत लावली आणि काच खाली केली, उतरली नाही.

"गेली होतीस?"

"गेले होते. नको म्हणून सांगून आले."

"असं डायरेक्ट?"

"डायरेक्ट."

"बरं केलंस," प्रीता म्हणाली, पण स्टिअरिंगवरची तिची बोटं सैल झाली नाहीत.

सिया क्लॅरिनेटची पेटी घेऊन जिन्यावरून धडधडत उतरली. खालच्या पायरीवर बसून तिने बूट घातले. आश्लेषाला ते बघवेना, तिने किल्ल्यांची वाटी उगाच सरळ केली.

"ओके, बाय आई. येते." सिया उंबरठ्यावर थांबली. उत्तर आलं नाही म्हणून वळली. "हॅलो? यू आर सपोज्ड टु से इट."

आश्लेषाच्या ओठांवर तो शब्द होता आणि तिला तो सोडायची भीती वाटत होती. उघड्या दारातून थंड वारा आत येत होता. पण ती मुलीला ये म्हणणार नसेल, तर कुणाला म्हणणार होती? एका पडक्या घराने तिच्या दारातला शब्द पळवावा, हे तिला सहन होईना.

"सिया," ती म्हणाली. "तू ये. सिया, तूच ये."

"यू आर सो वीअर्ड," सिया म्हणाली आणि तिच्या गालाला गाल लावून गेली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत आश्लेषा दारात उभी होती. मुलगी सुखरूप गेली, एवढं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

६

मग तिने घराभोवती एक चक्कर मारली. हिरवळी, कचऱ्याचे डबे, शेजारच्यांच्या पायऱ्यांवर सणाला मांडलेले भोपळे, सगळं जागच्या जागी. राखाडी छप्पर कुठेच दिसत नव्हतं. गल्लीच्या टोकाशी नाही, मागच्या झाडांत नाही. हे बरंच होतं. पण जिचं पोट आवाज शोधण्यावर भरतं, तिला नुसतं दिसत नाही एवढ्यावर समाधान मिळत नाही. घर परत तळ्यापाशी गेलंय का, ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं. ऊन भरपूर होतं. आणि शनिवार अजून संपला नव्हता.

तिने सायकल गाडीवर तशीच ठेवली होती. हेल्मेट घातलं, बाहेरच्या पायरीवर बसून सायकलचे बूट चढवले, बाहेरून दार ओढून कुलूप लावलं. घरात कुणी नव्हतं. येते म्हणायची काही गरज नव्हती. पण आज तो शब्द तिने परत मिळवला होता, आणि तो तिला आपल्या दारात मोठ्याने म्हणायचा होता.

"येते," ती बंद दाराला म्हणाली.

"ये," आतून आवाज आला.

आवाज कुठून आला, हे शोधायला आश्लेषाला वेळ लागला नाही. पॅसेजमधून. जिन्याच्या खालच्या पायरीवरून. पाठोपाठ वेल्क्रोचा पट्टा फर्रकन सुटला, मग दुसरा, आणि रॅकवर बूट नीट जोडीने ठेवल्याचा आवाज झाला. आलेलं माणूस आपल्या रॅकवर बूट असे जोडीने ठेवतं ते राहायचं असलं की.

घर शोधायला कुठे जायची गरज उरली नव्हती. ते तिच्याच घराच्या आत येऊन पोचलं होतं.

तिने फोन काढला आणि प्रीताला लिहिलं, सियाला आज तुझ्याकडेच ठेव, मी फोन करेपर्यंत पाठवू नकोस. प्रीताचा फोन लगेच वाजायला लागला. तो तिने वाजू दिला. गाडी समोरच होती, किल्ली हातात होती, आणि निघून जायचं असतं तर कुणी तिला अडवलं नसतं.

तिने किल्ली कुलपात फिरवली. इतक्या वर्षांत ती पायात बूट घालून या घरात कधी शिरली नव्हती. आज शिरली, धातूच्या पट्ट्या फरशीवर टकटक वाजवत.

"या घरात ये फक्त मी म्हणते," ती म्हणाली आणि मागे दार लावून घेतलं.